भरती नव्हे, बदली

सरांचे वडील वारले म्हणून आम्ही दुखवट्याला जवळा बाजारला गेलो, तेव्हा वडील ओट्यावर बसून दाढी करून घेत होते.

न्हाव्याने वस्तरा उचलून बाजूला धरला. वडिलांनी अर्ध्या फेसाच्या तोंडाने आमच्याकडे पाहिलं. पुढे मुख्याध्यापक होते, हातात टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन. त्यांच्या मागे मी. आणि माझ्या मागे आमच्या शाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत. निधनाची बातमी मामांनीच आणली होती, आणि आता ते माझ्या पाठीआड शक्य तितके बारीक होऊन उभे होते.

"काहून आले?" वडिलांनी विचारलं. "कोन गेलं?"

मुख्याध्यापक उत्तम वक्ते होते. त्या दिवशी मात्र त्यांनी फक्त हातातला नारळ टॉवेलखाली सरकवला. शेवटी माझ्या पाठीमागून मामा हळूच म्हणाले, "तुमी."

हे असं का झालं ते समजायला आधी सर समजायला हवेत, आणि सर समजायचे तर त्यांचे केस.

वसमतला मी मराठी शिकवायला लागलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. सर विज्ञान शिकवत आणि माझ्याहून बरेच ज्येष्ठ होते. त्यांच्या डोक्यावर केस नव्हते असं म्हणता येणार नाही. केस होते, पण ते एका बाजूला राहत आणि दुसऱ्या बाजूला कामाला जात. डाव्या कानावर वाढवलेली एक लांब बट रोज सकाळी टक्कल ओलांडून उजव्या कानापर्यंत पोचवली जाई आणि खोबरेल तेलाने तिथे मुक्कामी ठेवली जाई. या व्यवस्थेला एकच शत्रू होता, तो म्हणजे वारा. डावीकडून आला तर बट आणखी चपखल बसे. उजवीकडून आला तर ती डब्याच्या झाकणासारखी उघडे.

त्यामुळे सर आयुष्यभर वाऱ्याला डावा कान देऊन जगले. रस्त्याची कोणती बाजू धरायची, एसटीत कोणत्या खिडकीशी बसायचं, मैदानावर तास घ्यायचा झाला तर वर्ग कोणत्या दिशेला बसवायचा, हे सगळं वारा ठरवी. झेंडावंदनाला आम्ही सगळे झेंड्याकडे तोंड करून उभे राहत असू. सर जरा तिरपे. भूगोलाच्या पुस्तकात वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्याला 'वातकुक्कुट' असा एक भारदस्त शब्द आहे. मुलांनी तो सरांना लावला होता. शाळेला ते उपकरण कधी विकत घ्यावं लागलं नाही.

बाकी माणूस काटेकोर. प्रयोगवहीत लिहितात तसं साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष याच क्रमाने ते बोलत. एकदा मामांनी चहा आणला. सरांनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "निरीक्षण. चहा पांढरा आहे, गोड नाही. निष्कर्ष. साखर संपली आणि ती दुधात लपवायचा प्रयत्न झाला."

"संपली न्हाई सर," मामा म्हणाले. "टाकायची राहिली."

"मग निरीक्षण बरोबर, निष्कर्ष घाईचा," असं म्हणून सरांनी तोच चहा पिऊन टाकला. हे त्यांचं पालुपद होतं. माझ्या कवितेच्या रसग्रहणांवरही त्यांचा अभिप्राय हाच असे, आणि खरं सांगायचं तर तो सहसा योग्य असे.

केसांसाठी त्यांनी जे जे उपाय केले तेसुद्धा शास्त्रोक्त. माक्याचं तेल, जास्वंदीचा लेप, कांद्याचा रस, सगळं फक्त डोक्याच्या डाव्या भागावर. उजवा भाग तुलनेसाठी कोरडा. कांद्याच्या रसाच्या दिवसांत नववीच्या वर्गात पुढची बाकं रिकामी राहू लागली. वर्षभराने सरांनी स्टाफरूममध्ये निकाल जाहीर केला. दोन्ही बाजूंत फरक नाही. मला त्यांचं मोठेपण यात वाटतं की हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा पडला नाही. त्यांच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या वहिनींनी मात्र सुटकेचा निःश्वास टाकला. "लग्नात होते तेवढे पुरे होते मला," त्या मला म्हणाल्या होत्या. "आता कांदे भाजीला राहू द्या म्हणावं."

दुखणं खरं म्हणजे वेगळंच होतं. सरांचे वडील, आबा, ऐंशीच्या घरातले. जन्मभर मेंढरं राखलेला, काटक माणूस. त्यांनी मुंडासं सोडलं की आत पांढरेशुभ्र, दाट, कपाळावर उतरणारे केस. इतके की मेंढ्यांबरोबर राहून लोकर लागली असं गावात म्हणत. एकदा जवळा बाजारच्या आठवडी बाजारात बापलेक मेंढरू विकायला उभे होते. मुंडासं खांद्यावर. वारा उजवीकडून आला. गिऱ्हाइकाने एकदा आबांकडे पाहिलं, एकदा सरांकडे, आणि आबांना विचारलं, "हे तुमचे थोरले बंधू का?"

हा किस्सा आबा भेटेल त्याला सांगत. शेवटी पुस्ती जोडत, "मी म्हणलं व्हय, थोरलेच. माझी लई उठबस करतात." सरांसमोर सांगितला की सरही हसत. पण कोणाच्याही विनोदाला सर जेवढा वेळ हसत, त्यापेक्षा इथे थोडं कमी हसत. हे माझं निरीक्षण. निष्कर्ष काढायला मला बरीच वर्षं लागली.

मग दोन हजार साल उलटलं. परभणीतून आमचा भाग तोडून हिंगोली जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या आणि आत जाऊन पाहावं तर परभणीचीच मंडळी इकडे आणून बसवलेली. पुढे काही वर्षांनी, एका हिवाळ्यात, सरांनी 'घरगुती कारणासाठी' म्हणून रजा टाकली. त्यांनी असं मोघम कारण द्यावं हेच नवल होतं.

रजा चालू असतानाच एका सकाळी मामा शाळेत आले ते धापा टाकत.

"सरांचा बाप गेला," ते म्हणाले. "म्या सोता पाह्यलं."

"काय पाहिलंत?"

"सरांना. वसमतच्या स्टँडवर. डोकं पार भादरलेलं. न्हाव्यानं घाईत केलं असंल, ठिकठिकाणी रगत वाळलेलं. रडून रडून डोळे असे सुजलेत की उघडना. म्या हाक मारली तर मान बी वळवली न्हाई. जवळ्याच्या जीपमदी बसले अन् गेले."

आमच्याकडे भादरलेलं डोकं ही छापील बातमी असते. त्यात सुजलेले डोळे, गावाकडची जीप आणि घरगुती कारण. कुठल्याही न्यायालयात टिकावा असा पुरावा होता. मुख्याध्यापकांनी लगेच प्रार्थनेच्या मैदानावर शोकसभा घेतली. त्यांच्या भाषणातला दिवंगत माणूस नेहमी एकच असे. प्रेमळ, आध्यात्मिक वृत्तीचा, शिक्षणाची तळमळ असलेला, आणि जाताना कधीही भरून न येणारी पोकळी मागे ठेवणारा. नाव तेवढं बदलावं लागे. स्तब्धता पाळून शाळा सोडण्यात आली. मुलं अतिशय गंभीर चेहऱ्याने फाटकापर्यंत गेली आणि तिथून पुढे धावत सुटली.

म्हणून आम्ही आबांच्या ओट्यासमोर उभे होतो.

आपण गेलो हे कळल्यावर आबांनी आधी न्हाव्याला दाढी पुरी करायला सांगितली. मग तोंड पुसायला टॉवेल शोधला, आणि मुख्याध्यापकांच्या हातातला दिसल्यावर म्हणाले, "माझ्यासाठीच आणला ना? मंग द्या की." नव्या कोऱ्या दुखवट्याच्या टॉवेलने त्यांनी चेहरा पुसला आणि तो गळ्यात टाकून आम्हाला बसा म्हणाले.

"शाळेत समजलं तवा काय केलं तुमी?"

"शाळा सोडली," मी सांगितलं.

"माझ्यासाठी?" आबांना गहिवरून आलं. "मी शाळेचं तोंड पाह्यलं न्हाई कधी. अन् माझ्यापायी बंद पडली. भाषन झालं का?"

"झालं."

"काय म्हणले?"

मुख्याध्यापकांनी टाळायचा प्रयत्न केला. पण आबा ऐकेनात, न्हावी पेटी बंद करून मांडी घालून बसला, आणि शेवटी वक्त्याचा स्वभाव वरचढ ठरला. मुख्याध्यापक उभे राहिले, त्यांनी घसा साफ केला आणि दिवंगतासमोर श्रद्धांजलीचं भाषण सुरू केलं. मध्ये मध्ये दिवंगत दुरुस्त्या करत होते.

"आबा आध्यात्मिक वृत्तीचे होते."

"भजनात मला झोप येती."

"शिक्षणाची त्यांना तळमळ होती."

"कशाची तळमळ? ह्याला मेंढरामागं धाडलं की हा बांधावर बसून बघत राहायचा, अन् मेंढरं लोकाच्या हरभऱ्यात. म्हणून घातला शाळेत."

"त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे."

हे वाक्य आबांना फार आवडलं. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. मग घराच्या दाराकडे बोट करून म्हणाले, "पोकळी ह्याच्या डोक्यावर व्हती. ती हैदराबादहून भरून आणली पोरानं. बस झालं बसून, ये बाहीर."

आतून सर बाहेर आले. कपाळ सुजून भुवयांवर उतरलेलं, डोळ्यांच्या फटी. डोक्यावर पुढच्या बाजूला लाल ठिपके, बारीक खपल्यांचे, ओळीने. हातात पाणी फवारायची बाटली. नव्याने रोवलेल्या केसांच्या खुंटांना धक्का लागू नये म्हणून हैदराबादच्या डॉक्टरांनी बसल्या बसल्या झोपायला सांगितलं होतं, ते भिंतीला उशा लावून झोपत होते. वाकायचं नाही, मान झटकायची नाही, ऊन लागू द्यायचं नाही. डॉक्टरांनी डोक्याला दिलेली सैल टोपी वसमतच्या स्टँडवर वाऱ्याने उडवून नेली होती. इतकी वर्षं टाळलेल्या वाऱ्याने शेवटी हिशेब चुकता केला होता.

मुख्याध्यापकांनी भल्या मनाने तोड काढली. "सर, ही गोष्ट आपल्यात राहील. शाळेत सांगू, आबा नव्हे, चुलते गेले. नावाचा घोटाळा झाला."

सरांनी हयातीत एकच गोष्ट लपवली होती आणि तिच्यावर झाकण घालायला कोणीतरी दुसरं झाकण पुढे करत होतं. झाकणांचा त्यांना पुरेसा अनुभव होता.

"चुलते धट्टेकट्टे आहेत," सर म्हणाले. "त्यांना कशाला मारता? निरीक्षण कोणाचं होतं?"

"माझं," मामा म्हणाले.

"बरोबर होतं. निष्कर्ष घाईचा."

मग ते ओट्यावर बसले. डोक्यावर उडण्याजोगा एक केस नव्हता, तरी वाऱ्याला डावा कान देऊनच.

रजा संपल्यावर सरांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर खरं काय ते सांगितलं, आकृती काढून. तेव्हापासून ते आमच्या भागातले या विषयाचे एकमेव जाणकार झाले. आठवड्यातून एखादा टकला गृहस्थ, हळदीचा व्यापारी म्हणा, तलाठी म्हणा, टोपी सावरत स्टाफरूमच्या दारात उभा राही.

"बसा," सर म्हणत. "आधी एक समजून घ्या. नवे केस कोणी देत नाही. मागच्या बाजूचे तुमचेच केस मुळासकट काढून पुढे लावतात. ही बदली आहे, भरती नव्हे. मागचा साठा संपला की संपला."

"दुखतं का?"

"सुया टोचेपर्यंत. मग डोकं बधिर होतं आणि दिवसभर बसून कंटाळा येतो. खरं दुखणं नंतर."

"म्हंजे?"

"लावलेले केस महिन्याभरात गळतात."

इथे समोरचा माणूस उठायला लागे. सर त्याला हाताने खाली बसवत. "केस गळतात, मुळं राहतात. तीन-चार महिन्यांनी तिथूनच पुन्हा उगवतात. पुरतं दिसायला वर्ष लागतं. घाई असेल तर टोपी बरी."

हे ते शांतपणे सांगत. पण त्यांचे स्वतःचे गळायला लागले ते दिवस मी पाहिलेत. त्यांना सगळं आधीच माहीत होतं, सगळं अपेक्षित होतं, आणि तरी रोज सकाळी ते प्रयोगशाळेत जाऊन उशीवरून वेचून आणलेले केस एका परीक्षानळीत टाकत. नळीवर चिठ्ठी होती, 'अपेक्षित गळती'. एकदा मी विचारलं, "अपेक्षित आहे तर जपून कशाला ठेवता?" त्यांनी नळी उजेडात धरली. मग म्हणाले, "अपेक्षित असलं तरी आपलंच आहे."

उन्हाळ्यात पहिली लव आली. कापसाचं बी उगवलं नाही की त्या मोकळ्या जागी पुन्हा बी टोकतात, त्याला आमच्याकडे नांग्या भरणं म्हणतात. मामांनी सरांच्या शस्त्रक्रियेला तेच नाव दिलं आणि ते गावभर चाललं. आबा तर दर आठवड्याला पीक पाहायला वसमतला येत, गळ्यात तोच दुखवट्याचा टॉवेल. लेकराला खाली बसवून डोक्यावरून हात फिरवत. मेंढरू पारखताना लोकरीत बोटं घालतात, तशी बोटं.

एकदा मीही तिथे होतो. आबा म्हणाले, "हे बघ. मी गेल्यावर डोकं भादरू नको. पीक उभं असताना कोनी औत घालतं का? अन् माझा दुखवटा झालाय. शाळा सुटली, भाषन झालं, टॉवेल भेटला. समदं बराबर झालं."

"आबा, काहीतरीच नका बोलू," सर म्हणाले. पण त्यांचा हात डोक्याकडे गेला. वर्षभर तरी वस्तरा लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि वर्षाला अजून अवकाश होता.

पावसाळा सरता सरता केस भांगात बसू लागले. बट गेली. सरांनी आरशासमोर पहिल्यांदा भांग पाडला त्या दिवशी ते शाळेत उशिरा आले, हेही प्रथमच. केस आता वाऱ्याने उडत नव्हते. तरी सर रस्त्याची बाजू वारा पाहूनच धरत.

आणि त्याच सुमाराला आबा गेले. झोपेत, मुंडासं उशाला ठेवून.

मला हे दोन दिवसांनी कळलं. सर शाळेत दिसले नाहीत. मामांना विचारलं तर ते खुशीत म्हणाले, "पुन्हा नांग्या भरून आले वाटतंय. स्टँडवर दिसले, डोकं पार भादरलेलं. म्या म्हणलं, सर, राहिलेली जागा बी भरली का? तर..." इथे मामा थांबले. काहीतरी आठवलं असावं.

"तर काय म्हणाले?"

"म्हणले, निरीक्षण बरोबर, मामा." मामांनी डोक्यावरची टोपी काढली. "पुढचं म्हणलेच न्हाईत."

आम्ही तसेच निघालो. निवृत्त झालेले मुख्याध्यापकही आले. ओटा तोच होता. सर गुळगुळीत डोक्याने बसले होते, गळ्यात तो टॉवेल, आता विरलेला.

गावातले भेटायला येऊन जाऊन होते. वसमतहून मात्र आम्हीच पहिले. बाकी सगळ्या शहराने मामांसारखाच निष्कर्ष काढला होता. सरांना याचं वाईट वाटलं नव्हतं. "आबा म्हणायचेच," ते म्हणाले, "मी खरा गेलो तर कोणी इश्वास ठेवणार न्हाई."

मी हळूच विचारलं, "डॉक्टरांना विचारलं होतं का? वस्तऱ्याचं?"

"विचारलं. फोन केला."

"मग?"

"आधी रागावले. मग म्हणाले, मुळं आता धरली असतील, येतील बहुतेक."

"मग बरं झालं विचारून केलंत."

"विचारून नाही केलं," सर म्हणाले. "करून विचारलं. आबांसमोर बसलो, न्हाव्याला म्हटलं घे. फोन दुसऱ्या दिवशी. क्रम चुकला."

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. एवढ्या वर्षांची सवय. "शाळेत एक शोकसभा..."

"नको," सर म्हणाले. "ती आबांनी ऐकलीय."

आणि ते हसले. आबांच्या किश्शाला हसत त्यापेक्षा जास्त वेळ.

केस आले पुढे, बहुतेक सगळे. पण मला आठवतात ते त्या दुपारचे सर. ओट्यावर मोकळा वारा सुटला होता, टॉवेलचं टोक फडफडत होतं, आणि सर उजवा कान वाऱ्याकडे करून बसले होते. त्यांच्या ते लक्षातही आलेलं नव्हतं.